आहारधर्म आणि ऋतुधर्म

आषाढ शुद्ध नवमीला महाराष्ट्रातील पुष्कळ घरांत कांद्याची भजी, कांद्याची थालिपीठे, कांदा घालून केलेले वांग्याचे भरीत असा बेत मोठ्या हौसेने केला जातो, आणि ह्या तिथीला कांदेनवमी असे नावही लोकांनी देऊन टाकले आहे. कारण दोनच दिवसांनी देवशयनी एकादशी येते, चातुर्मास लागतो, आणि कांदा, लसूण व वांगे ही त्रयी कार्तिकी एकादशीपर्यंत, वांग्याच्या बाबतीत तर कित्येक घरांत मार्गशीर्षातील चंपाषष्ठीला खंडोबास भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवीपर्यंत, स्वयंपाकघराच्या उंबरठ्याबाहेर राहते. हा नियम का, असे घरातील वडीलधाऱ्यांस विचारले, तर जुन्या पिढीकडून ‘शास्त्रात सांगितले आहे म्हणून’ एवढेच उत्तर येते. नव्या शिकल्यासवरल्या पिढीचे उत्तर अधिक विस्तृत असते: पावसाळ्यात जठराग्नी मंद होतो, उन्हाळी कांदा ओल धरून सडू लागतो, वांग्यात अळी पडते, आणि आपल्या दूरदर्शी पूर्वजांनी आरोग्याचा हा साधा नियम सामान्य जनांच्या गळी उतरावा म्हणून त्यास धर्माचा आधार दिला.

हे दुसरे उत्तर अनेकांस समाधान देते, कारण त्यात पूर्वजांविषयीचा अभिमान आणि विज्ञानाविषयीचा आदर हे दोन्ही एकाच वेळी साधतात. परंतु ते शेवटपर्यंत नेऊन पाहिले, तर धर्माच्या हाती काहीच उरत नाही. नियमाचे सारे प्रयोजन ओलीशी आणि अळीशी निगडित असेल, तर ज्या घरात शीतकपाट आहे आणि ज्या बाजारात बाराही महिने कोरडा कांदा मिळतो, तेथे तो नियम मुदत संपलेल्या सनदेसारखा आपोआप रद्द ठरतो. म्हणून प्रश्न असा उपस्थित होतो की, माणसाच्या आहारावर धर्माचा जो अंमल दिसतो तो वस्तुतः हवामानाचाच अंमल आहे काय? आणि तसे नसेल, तर हवामानाची हद्द कोठे संपते, रूढीची कोठे सुरू होते, आणि धर्माच्या वाट्याला नेमके काय येते?

हवामानाची बाजू प्रथम मांडली पाहिजे, कारण ती दुबळी नाही. सह्याद्रीच्या माथ्यावर महाबळेश्वरी वर्षाकाठी दोनशे इंचांहून अधिक पाऊस पडतो. पायथ्याशी कोकणपट्टीत तो शंभर इंचांच्या पुढे जातो. आणि घाट ओलांडून पूर्वेकडे माण-खटावच्या मुलखात उतरले, की वीस इंचांचाही भरवसा धरता येत नाही. एवढ्या थोड्या अंतरात निसर्गाने एवढा फेरफार केल्यावर दोन्हीकडच्या ताटांत साम्य राहावे, ही अपेक्षाच व्यर्थ होय. खाली तांदूळ, कुळीथ, नारळ, आमसूल आणि मासळी. वर ज्वारी, बाजरी, तूर, करडई आणि भुईमूग. आणखी पूर्वेस वऱ्हाड-नागपूरकडे तुरीच्या वरणाबरोबर जवसाचे तेल. देशावरच्या माणसास कोकणात गेल्यावर भाताने पोट भरल्यासारखे वाटत नाही, आणि कोकणच्या माणसास भाकरीचा घास गिळताना पाण्याचा घोट घ्यावा लागतो. ज्या जमिनीने पिढ्यान्‌पिढ्या पोसले, तिनेच जिभेसही वळण लावले आहे.

सणांच्या नैवेद्यांवरही ऋतूची मुद्रा स्पष्ट उमटलेली आहे. पौषाच्या थंडीत भोगीला तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि हिवाळी भाज्यांची लेकुरवाळी भाजी, दुसऱ्या दिवशी तीळगूळ. चैत्र लागताच पाडव्याला कडुनिंबाची कोवळी पाने. आश्विनात नवे धान्य घरात येत असताना कोजागरीचे आटीव दूध. कार्तिकात आवळीखालचे भोजन. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील सहाव्या अध्यायात सहा ऋतूंची जी आहारचर्या सांगितली आहे, तिची लोकांनी आपल्या परीने केलेली ही वार्षिक उजळणीच म्हणावी, असे कोणास वाटले तर त्यात नवल नाही. चैत्र-वैशाखाच्या उन्हात कुरडया, पापड, सांडगे वाळवून पावसाळ्याची बेगमी करावयाची, कोकणात त्याच उन्हात सुकट, सोडे आणि बोंबील वाळवावयाचे, हा तर हवामानाचा सरळ हुकूमच. गोव्यात पावसापूर्वीच्या ह्या साठवणीस पुरुमेत म्हणतात, आणि मे महिन्यात चर्चच्या फेस्ताच्या निमित्ताने भरणाऱ्या बाजारात सुकी मासळी, मीठ, मिरच्या आणि कडधान्ये घेण्यासाठी ख्रिस्ती गृहिणीच्या शेजारी हिंदू गृहिणीही उभी असते. दोघींचे देव निराळे, उपवासांचे दिवस निराळे, परंतु आषाढातला समुद्र दोघींसही सारखाच दुर्गम असल्यामुळे फडताळातील बरण्या मात्र एकसारख्या. नारळी पौर्णिमेस कोळी लोक दर्याला नारळ अर्पण करून होड्या पाण्यात लोटतात. आणि आज राज्य सरकार यांत्रिक नौकांना १ जून ते ३१ जुलै अशी जी मासेमारीबंदी घालते, तिच्यामागे मासळीच्या विणीच्या काळाचे जे भान आहे, ते ह्या जुन्या रिवाजाशी विसंगत नाही.

येथपर्यंत हवामानवाद्याचा दावा निर्वेध चालतो. परंतु ज्या चरकाची साक्ष तो काढतो, तीच साक्ष पुढे त्याच्यावर उलटते. वर्षा ऋतूत अग्नी मंदावतो हे चरकास मान्य आहे. मात्र त्यावर उपाय म्हणून त्याने जुने जव, गहू व तांदूळ ह्यांच्याबरोबर जांगल पशुपक्ष्यांच्या मांसाचा रस सांगितला आहे. म्हणजे ज्या महिन्यांत वैद्य मांसरसाची तजवीज करतो, नेमक्या त्याच महिन्यांत व्रतकर्ता मांसाचा त्याग करतो. लसणाची कथा ह्याहूनही बोलकी आहे. आयुर्वेदात लसूण हे रसायन आहे, त्याच्या गुणांचे वर्णन करण्यासाठी काश्यपसंहितेत लशुनकल्प नावाचा स्वतंत्र अध्याय आहे. आणि मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात मात्र लसूण, कांदा आणि कवक म्हणजे अळिंबी ही द्विजांस अभक्ष्य ठरविली आहेत, तीही कोणत्याही ऋतूचा निर्देश न करता. वैद्यकाचा आणि धर्मशास्त्राचा हा मतभेद प्राचीनांना ठाऊक नव्हता असे नव्हे. राहूच्या रक्तापासून लसूण उपजला, म्हणून तो औषधी असूनही द्विज तो खात नाहीत, अशी कथा वैद्यकग्रंथांनीच नमूद करून ठेवली आहे. ज्या समाजाने ‘हितकर’ आणि ‘विहित’ ह्या दोन निराळ्या कोटी आहेत हे इतक्या स्पष्टपणे ओळखले होते, त्याच्या सर्व विधिनिषेधांस आरोग्यशास्त्र म्हणणे म्हणजे त्याची स्तुती करण्याच्या ओघात त्याचा विचार नाकारणे होय.

दुसरा पुरावा भूगोलातूनच निघतो. रत्नागिरीपासून गोव्यापर्यंतच्या एकाच किनाऱ्यावर, एकाच पावसात, एकाच समुद्राच्या सान्निध्यात चित्पावन ब्राह्मणाचे घर आणि सारस्वत ब्राह्मणाचे घर शेजारी शेजारी असते. पहिल्या घरात परंपरेने मासळीचा वासही वर्ज्य, दुसऱ्या घरात मासळीवाचून जेवण अपुरे. दोघेही तेच वेद मानतात, दोघांच्याही अंगणात तीच माडाची झाडे आहेत. काश्मिरी पंडित थंडीमुळे मांस खातो असे म्हणावे, तर त्याच मांसात तो परंपरेने कांदा-लसूण घालत नाही, हिंग, सुंठ आणि बडीशेप ह्यांवर भागवितो. आणि बंगाल्यात कालीच्या प्रसादाचे बोकडाचे मांस कांदा-लसणावाचून रांधले, की ते निरामिष समजले जाते. थंडीने मांसाची गरज निर्माण केली असेल. परंतु मांस चालेल आणि कांदा चालणार नाही, हा निवाडा कोणत्याही पर्जन्यमापकावर वाचता येत नाही.

तिसरी गोष्ट कालगणनेची. आपल्या पंचांगात सुमारे साडेबत्तीस महिन्यांनी अधिकमास घालून चांद्रमासांची सौरवर्षाशी सांगड घातली जाते, म्हणून चातुर्मास सदैव पावसाळ्यातच येतो. ऋतूशी नाते तुटू नये ह्याची तरतूद गणितातच करून ठेवलेली आहे. इस्लामने ह्याच्या नेमके उलट केले. अरबस्तानात पूर्वी असलेली अधिकमासाची चाल कुराणाने निषिद्ध ठरविली, आणि त्यामुळे रमजानचा महिना सुमारे तेहतीस वर्षांत सर्व ऋतूंमधून फिरून येतो: कधी तो वैशाखवणव्यात पाण्याच्या घोटावाचून काढावा लागतो, कधी हिवाळ्याच्या आखूड दिवसांत. म्हणजे एका धर्माने आपले अनशन ऋतूस बांधले, आणि दुसऱ्याने ते ऋतूच्या हातून सोडवून घेतले. हवामान हेच धर्माचे मूळ असते, तर ही दुसरी गोष्ट संभवलीच नसती.

मग हवामान आणि धर्म ह्यांच्या मध्ये जे विस्तीर्ण क्षेत्र पसरले आहे, ते रूढीचे, म्हणजेच संस्कृतीचे होय. आणि तिच्या कारभाराची तऱ्हा पाहावयाची असेल, तर आपल्या एकादशीचे ताट पाहावे. साबुदाण्याची खिचडी, बटाट्याची भाजी, दाण्याची आमटी, रताळ्याचा कीस, आणि ह्या सर्वांत हिरवी मिरची. ज्या कंदापासून आज आपल्याकडे साबुदाणा होतो तो कसावा, बटाटा, भुईमूग, रताळे आणि मिरची ही पाचही मूळची अमेरिका खंडातील, आणि त्यांची ह्या देशातील वस्ती पोर्तुगीज गलबते पश्चिम किनाऱ्यास लागू लागल्यानंतरची. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या दरबारी असलेल्या हेमाद्री पंडिताने चतुर्वर्गचिंतामणीच्या व्रतखंडात व्रतांचा केवढा तरी संग्रह केला, पण त्यात ह्या पदार्थांना स्थान असणे शक्यच नव्हते. निषेध धान्याचा होता, कंदमुळे ही ऋषींच्या आहारातली समजली जात होती, आणि हे परदेशस्थ पदार्थ धान्य नव्हेत ह्या सबबीवर व्रताच्या पंक्तीत येऊन बसले, असे दिसते. उपवासास हळद चालत नाही आणि पेरूमधून आलेला बटाटा चालतो. ‘एकादशी, दुप्पट खाशी’ ही म्हण लोकांनी काही उगाच केलेली नाही.

ह्याच घरातील श्राद्धाचा स्वयंपाक मात्र अगदी निराळ्या वृत्तीचा. तेथे गवार, कारले, भोपळा, अळू, आमसुलाची चटणी, वडे आणि खीर ही ठरलेली यादी. कोबी, फुलकोबी आणि टोमॅटो ह्या नव्या भाज्यांना जुन्या घरांत तेथे मज्जाव असतो. पुरीच्या जगन्नाथाच्या महाप्रसादातही बटाटा, टोमॅटो आणि हिरवी मिरची घातली जात नाही, हे प्रसिद्धच आहे. जिवंत माणसांनी नवे पीक चटकन जवळ केले. पितरांच्या आणि देवांच्या पानावर मात्र जुनाच शिरस्ता चालू राहिला. ह्यातून एवढे ध्यानी येते की, ज्यास आपण सनातन आहार म्हणतो तो बराचसा तीन-चारशे वर्षांतील तडजोडींचा दप्तरखाना आहे, आणि त्यातील प्रत्येक कागदावर वेदांची मोहर आहे असे मानणे हे इतिहासाच्या अज्ञानाचे लक्षण होय. संस्कृती नवे स्वीकारते आणि ते जुनेच होते असे लवकरच मानू लागते. त्यात लबाडी नसते. अन्नास परकेपणा फार काळ चिकटून राहत नाही, एवढेच त्याचे कारण.

परंतु रूढी म्हणजे धर्म नव्हे, आणि येथेच आपल्या मूळ प्रश्नाचा गाभा आहे. चातुर्मासाच्याच उदाहरणात एक सूक्ष्म भेद पाहावा. पावसाळ्यात पालेभाजी खाऊ नये, कारण तिने पोट बिघडते, असे वैद्य सांगेल. जैन श्रावक तीच पालेभाजी त्याच महिन्यांत वर्ज्य करतो, परंतु पानांवर ह्या काळात असंख्य सूक्ष्म जीव वाढलेले असतात आणि आपल्या जेवणापायी त्यांची हत्या होते म्हणून. कृती एक, ऋतू एक, पाने तीच. एकाची दृष्टी स्वतःच्या उदराकडे आहे आणि दुसऱ्याची स्वतःपलीकडच्या जीवाकडे. हवामानाने प्रसंग पुरविला, पण हेतू पुरविला नाही. ऋषिपंचमीस बैलाच्या श्रमाचे काही खावयाचे नाही, हाताने लावलेल्या भाज्यांची ऋषीची भाजी आणि आपोआप उगवलेले देवभात एवढ्यावर दिवस काढावयाचा, ह्या रिवाजामागे अन्य अर्थही असतील. परंतु वर्षभर ज्याच्या मानेवर जू होते त्याच्या कष्टाचे अन्न एक दिवस तरी आपण घेणार नाही, हा भाव त्यात निश्चितच वाचता येतो. मक्याची कणसेही त्या भाजीत असतात, आणि तीही अमेरिकेचीच. पण त्यामुळे त्या भावास बाध येत नाही.

जेथे निसर्गाने निवडीस फारशी जागाच ठेवली नाही, तेथे हा हेतू काय करतो, हे पाहण्यासाठी तिबेटकडे वळावे. बारा-चौदा हजार फुटांच्या त्या पठारावर सातूखेरीज फारसे काही पिकत नाही, आणि करुणेस सर्वश्रेष्ठ गुण मानणारे बौद्ध लोक तेथे शतकानुशतके मांस खात आले आहेत. म्हणून त्यांची करुणा ढोंगी ठरत नाही. कारण लहान जनावरांपेक्षा याकसारखे मोठे जनावर मारणे त्यांनी बरे मानले, एवढ्याचसाठी की एका जीवाच्या हत्येत अनेकांचे पोट भरावे आणि हत्येची संख्या कमी राहावी. हवामानाने मांस खावयास लावले. किती जीव घ्यावयाचे, ह्याचा हिशेब मात्र धर्माने मागितला. जपानात सम्राट तेन्मू ह्याने इ. स. ६७५ मध्ये गाई-बैल, घोडे, कुत्री, माकडे आणि कोंबड्या ह्यांच्या मांसावर बंदी घातली, ती वर्षाच्या चौथ्या महिन्यापासून नवव्या महिन्यापर्यंत, म्हणजे शेतीच्या हंगामापुरती. बौद्ध दया आणि शेतकीची सोय तेथे एकाच फर्मानात नांदत होती. आणि खुद्द बुद्धाने, देवदत्ताचा आग्रह असतानाही, भिक्षूंवर मांसत्यागाची सक्ती केली नाही. आपल्यासाठी मारलेले पाहिले नाही, ऐकले नाही आणि तसा संशयही नाही, अशा तीन अटींवर भिक्षेत आलेले मांस त्याने चालवून घेतले. भिक्षेकऱ्यास निवडीचा अधिकार नसतो, हे त्याने जाणले होते.

ह्या विषयावर आपल्या परंपरेतील सर्वांत मार्मिक वचन कोणत्याही स्मृतीत नाही. छांदोग्य उपनिषदाच्या पहिल्या अध्यायातील एका कथेत ते आहे. कुरुदेशात गारांनी, काहींच्या अर्थानुसार टोळांनी, पिके बुडाली. उषस्ती चाक्रायण हा विद्वान ब्राह्मण पत्नीसह देशोधडीस लागून एका माहुतांच्या गावी येऊन राहिला. तेथे कुळीथ की उडीद असे काही निकृष्ट धान्य खात बसलेल्या माहुताकडे त्याने अन्न मागितले. पुढ्यात आहे त्याखेरीज माझ्यापाशी काही नाही, असे माहूत म्हणाला. उषस्तीने ते उष्टेच मागून घेतले आणि खाल्ले. मग माहुताने पाणी पुढे केले, तेव्हा ते उष्टे पाणी आहे म्हणून उषस्तीने नाकारले. धान्य काय उष्टे नव्हते, असे माहुताने साहजिकच विचारले. त्यावर उषस्ती म्हणाला की, ते खाल्ले नसते तर मी जगलोच नसतो. पाणी मात्र मला वाटेल तेथे मिळू शकते.

हे उत्तर वरवर पाहता चमत्कारिक, किंबहुना दांभिक वाटते. परंतु विचार केल्यास त्यात आहारधर्माचे सारे तत्त्व साठविलेले आहे. उषस्तीस धान्याची शुद्धता-अशुद्धता धान्यात दिसली नाही आणि पाण्याची पाण्यात दिसली नाही. जेथे निवड नव्हती तेथे दोष नव्हता, आणि जेथे निवड होती तेथे नियम होता. भगवद्गीतेच्या सतराव्या अध्यायात शिळ्या आणि उष्ट्या अन्नास तामस म्हटले आहे. उषस्तीने तर उष्टे खाऊन राहिलेले पत्नीस दिले, ती आधीच जेवलेली असल्यामुळे तिने ते ठेवून दिले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तेच शिळे व उष्टे खाऊन तो राजाच्या यज्ञास निघाला. तेथे जमलेल्या ऋत्विजांना त्याने, ज्या देवतांची स्तुती ते गात होते त्यांचे ज्ञान दिले, आणि त्यांतील एक देवता अन्न ही होती. तामस अन्नाने त्याच्या ज्ञानास ग्रहण लागले नाही. ब्रह्मसूत्रांच्या तिसऱ्या अध्यायात सर्व अन्न खाण्यास मुभा आहे ती केवळ प्राणसंकटात, असा जो निर्णय दिला आहे, त्याच्या भाष्यांत ह्याच कथेचा दाखला येतो. कुराणानेही नाइलाजाने, अवज्ञेच्या बुद्धीवाचून निषिद्ध खाणाऱ्यास निर्दोष ठरविले आहे. १९७२च्या दुष्काळात महाराष्ट्रातील रोजगाराच्या कामांवर खडी फोडणाऱ्या माणसांनी परदेशी तांबड्या मिलोची भाकरी आणि सुकडी खाऊन दिवस काढले, तेव्हा त्यांच्या आहाराचा सात्त्विकपणा तपासण्याचा अधिकार कोणत्याच शास्त्रास नव्हता.

तात्पर्य असे की, हवामान हे माणसाला काय मिळेल ते ठरविते, संस्कृती त्यातले काय रुचेल ते ठरविते, आणि मिळण्यासारखे व रुचण्यासारखे असूनही माणूस कशास हात लावणार नाही, एवढाच भाग धर्माचा असतो. हा भाग लहान आहे, पण तोच धर्माचा खरा मुलूख होय. म्हणून पूर्वजांचा नियम हवामानातून उपजला असे सिद्ध झाले, तरी त्याने तो खोटाही ठरत नाही आणि खराही ठरत नाही. कांद्याच्या टंचाईपोटी जन्मास आलेला नियम कांद्याच्या सुबत्तेतही कोणी संयम म्हणून पाळीत असेल, तर त्याचे मूळ काहीही असो, आता तो नियम त्या माणसाचा आहे.

ह्याच तत्त्वाची दुसरी धार मात्र आपल्या समाजाने सोयीस्करपणे विसरून टाकली. त्याग हा ज्याचा त्याने करावयाचा असतो. दुसऱ्याच्या पानावर देखरेख करणे हा त्याग नव्हे. आपल्याकडे पंक्तिभेद, रोटीव्यवहाराची बंधने आणि ग्रामण्ये ह्यांत जेवढी बुद्धी खर्ची पडली, तेवढी आत्मसंयमात पडली असती तर इतिहास निराळा झाला असता. १८९०मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये घेतलेल्या चहाच्या पेल्यावरून रानडे आणि टिळक ह्यांच्यासारख्या भिन्न मतांच्या पुढाऱ्यांवरही प्रायश्चित्ताची वेळ आली. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले. चहात काय होते, हा प्रश्न तेथे कोणाचाच नव्हता. तो कोणाच्या हातचा होता, एवढाच होता. ह्याहून कितीतरी दारुण गोष्ट महाडची. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर आणि त्यांचे सहस्रावधी सहकारी चवदार तळ्याचे पाणी प्याले, आणि त्यानंतर सवर्णांनी पंचगव्याने त्या तळ्याची ‘शुद्धी’ केली. उषस्तीने माहुताचे पाणी स्वतः नाकारले होते, आणि ते दुसरीकडे मिळू शकते हे त्यास ठाऊक होते. महाडला, गुराढोरांस मोकळे असलेले पाणी माणसांना नाकारण्यात आले. पहिल्या नकारात धर्म आहे की नाही, ह्यावर वाद घालता येईल. दुसऱ्या नकारात तो नाही, ह्यावर वाद नाही. तेथे हवामानाची सबब नव्हती, आरोग्याची नव्हती, संयमाचीही नव्हती; दुसऱ्याची निवड हिरावून घेणे हेच तिथे शुद्धतेचे नाव धारण करून बसले होते.

आज परिस्थिती पार पालटली आहे. शीतगृहे, आगगाड्या आणि विमाने ह्यांनी ऋतू आणि ताट ह्यांच्यामधील नाते इतके सैल केले आहे की, पुण्यामुंबईच्या बाजारात श्रावणात वाटाणा मिळतो, ऐन उन्हाळ्यात सफरचंदे मिळतात, आणि लंडन किंवा न्यू जर्सीमधील मराठी गृहिणीस बर्फाळ रस्त्यावरून जाऊनही साबुदाणा, भगर आणि आमसुले आणता येतात. तेथे ती चातुर्मास पाळते तेव्हा बाहेर आपला पावसाळा नसतो, अग्निमांद्याचा सिद्धांत तेथल्या हवेस लागू पडत नाही, आणि तरीही तिचा नियम निरर्थक आहे असे म्हणता येणार नाही. कारण हवामानाचा सारा आधार काढून घेतल्यावर जो उरला, तो तिचा स्वतःचा संकल्प आहे. आपल्या पणजीपेक्षा ती अधिक धार्मिक असेल असे नव्हे. पण तिचा नियम अधिक तिचा आहे.

पुष्कळांस वाटते की, हवामानाचे बंधन सुटल्याबरोबर आहारातील धर्माचाही अंमल संपला. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. पूर्वी ज्या गोष्टी ऋतू आपल्या वतीने नाकारीत होता, त्या आता आपणच घ्यावयाच्या किंवा नाकारावयाच्या आहेत. आषाढातल्या समुद्रात यांत्रिक नौका जाऊ शकते, म्हणून विणीच्या काळातील मासळी राखावयाची की नाही हे आता समुद्र ठरवीत नाही. अवर्षणाच्या तालुक्यात विहिरींच्या पाण्यावर ऊस उभा राहू शकतो, म्हणून साखर किती खावी आणि भूगर्भातील पाणी कोणासाठी शिल्लक ठेवावे हे आता पर्जन्यमान ठरवीत नाही. लग्नाच्या पंक्तीत चार वेळा खाऊन पुरेल एवढे अन्न शिजविता येते, म्हणून किती टाकून द्यावयाचे हेही आता टंचाई ठरवीत नाही. उषस्तीपाशी निवडीस जागा होती ती केवळ घोटभर पाण्यापुरती. आपल्या प्रत्येक घासात ती आहे. म्हणून ज्यांना आपद्धर्माची सवलत मागण्याचे कारण उरलेले नाही, अशा आपल्यासारख्या सुस्थित माणसांचा आहार पूर्वीच्या कोणत्याही पिढीपेक्षा अधिक धर्मविषय झाला आहे; आणि त्याचा हिशेब कांदा किंवा लसूण ह्यांच्या यादीशी देऊन भागणार नाही, तर आपण जे खातो त्याच्या पायी कोणाचे पाणी, कोणाचे श्रम आणि कोणता जीव खर्ची पडला, ह्या प्रश्नाशीच द्यावा लागेल.